साइट स्वतःच्या नावावर हवी



मी बंगळूरच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याला राहतो. आमच्याकडे कुणाला सांगितलं की "माझी स्वतःची साइट आहे", तर समोरचा लगेच विचारतो, "किती बाय किती? तीस बाय चाळीस? ए खाता की बी खाता?" बंगळूरमध्ये साइट म्हणजे प्लॉट. गावाकडे जमीन विकून इथे साइट घेतलेले आमच्या निपाणी-कोल्हापूरकडचे कितीतरी लोक आहेत. साइट घेताना तो माणूस दहा वेळा कागद बघतो. नाव कुणाचं आहे, खाता कुणाच्या नावावर आहे, उद्या कुणी येऊन 'उठा' म्हणेल का, सगळं विचारतो.

आज मी दुसऱ्या साइटबद्दल बोलणार आहे. इंटरनेटवरच्या. स्वतःची वेबसाइट कशी सुरू करायची, कुठे ठेवायची, खर्च किती येतो, हे सांगणार आहे. पण प्रश्न मात्र तेच विचारणार आहे. नाव कुणाचं? जागा कुणाची? आणि उद्या कुणी 'उठा' म्हटलं तर आपलं सामान आपल्याला उचलता येईल का?

मी संगणकातला तज्ज्ञ नाही. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हे माझं हत्यार. त्यामुळे घाबरू नका. मला जमलं ते तुम्हाला जमेल.

आधी हे मी का शिकलो ते सांगतो.

माझे वडील निपाणीला मराठी शाळेत शिक्षक होते. २००५ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांना लिहायची हौस लागली. गावाबद्दल लिहायचे. तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका, जुने तालीम-आखाडे, सीमाप्रश्नाच्या सभा. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी येऊन बसले होते. वडील तेव्हा चौतीस वर्षांचे. रोज शाळा सुटल्यावर तिकडे जायचे. त्यावर त्यांनी एक लांब लेख लिहिला होता.

मी त्यांना एका मोफत सेवेवर पान उघडून दिलं होतं. तिचं नाव महत्त्वाचं नाही. दिवाळीला घरी गेलो की मी टाइप करायचो, नंतर ते स्वतः शिकले. सात-आठ वर्षांत एकशे चाळीस लेख झाले. २०१४ च्या दिवाळीत माझ्या भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी आजोबांचा एक लेख हवा होता. पत्ता टाकला, पान उघडेना. ती सेवा वर्षभरापूर्वीच बंद झाली होती. बंद होण्याआधी तीन ईमेल आले होते, 'तुमचा मजकूर उतरवून घ्या' म्हणून. पण ते आले होते त्या ईमेलवर, जो मी २००६ साली फक्त खातं उघडण्यापुरता काढला होता आणि नंतर कधीच उघडला नव्हता.

चूक कुणाची? सेवेने कळवलं होतं. वडिलांना काही माहीतच नव्हतं. चूक माझी होती.

नंतर मला 'वेबॅक मशीन'बद्दल कळलं. 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाची अमेरिकेत एक संस्था आहे, १९९६ पासून ती जगभरच्या वेबसाइटांच्या प्रती साठवून ठेवते. त्यात शोधलं. अडतीस लेख सापडले. बावन्न लेख वडिलांच्या वह्यांत कच्च्या स्वरूपात होते. ते बहिणीने फोटो काढून पाठवले, मी रविवारी बसून टाइप केले. पन्नास गेले. त्यातच आंदोलनाचा लेखही गेला. वेबॅक मशीनमध्ये अनुक्रमणिकेचं पान आहे, त्यावर त्या लेखाचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवलं की पुढे काही नाही.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना म्हटलं, अण्णा, पुन्हा लिहा. त्यांनी दोन पानं लिहिली आणि ठेवून दिलं. म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा आठवत होतं रे."

म्हणून मी हे शिकलो. आणि म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

आता एक लक्षात घ्या. हे फक्त आमच्याच बाबतीत झालेलं नाही. 'जिओसिटीज' नावाची फार प्रसिद्ध सेवा होती, लाखो लोकांची पहिली वेबसाइट तिथे होती. १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केली. ऑर्कुट आठवतं? आपल्याकडे काय वेड होतं! ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद. या काही छोट्या कंपन्या नव्हत्या. मोठ्या कंपनीकडे आहे म्हणजे कायम राहील, असं नसतं.

तर मग वेबसाइट म्हणजे नेमकं काय? तीन गोष्टी. पहिली, पत्ता. त्याला डोमेन म्हणतात. दुसरी, जागा. त्याला होस्टिंग म्हणतात. तिसरी, सामान. म्हणजे तुमचा मजकूर, फोटो, पानं. बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो. त्यांना वाटतं वेबसाइट ही एकच वस्तू आहे, ती कुणाकडून तरी 'करून' घ्यायची. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, वेगवेगळ्या ठिकाणाहून घेता येतात, आणि वेगवेगळ्या ठेवण्यातच शहाणपण आहे. कसं, ते सांगतो.

पहिल्यांदा पत्ता.

पत्ता म्हणजे काहीतरी डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी. तो विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. एका वर्षासाठी घ्या, किंवा एकदम दहा वर्षांपर्यंत घ्या. डॉट इन हे भारताचं. त्याचा कारभार 'निक्सी' ही संस्था बघते. आपण थेट तिच्याकडे जात नाही, रजिस्ट्रार म्हणून ज्या कंपन्या असतात त्यांच्याकडून घेतो. डॉट इन साधारण पाचशे ते हजार रुपयांत वर्षभर मिळतं.

इथे तीन खबरदाऱ्या.

एक. पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, नूतनीकरणाची बघा. पहिलं वर्ष नव्व्याण्णव रुपये आणि दुसऱ्या वर्षापासून बाराशे, असं चालतं. दुकानाच्या पाटीवर 'पासून' हा शब्द बारीक लिहिलेला असतो ना, तसंच.

दोन. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर कार्डावरून आपोआप पैसे जाण्यासाठी तुमची वेगळी परवानगी लागते, आणि परदेशी कंपन्यांकडे ते पुष्कळदा अडकतं. कॅलेंडरात महिनाभर आधीची तारीख टाकून ठेवा. शक्य असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. मुदत संपलेलं नाव काही दिवस सोडवून घेता येतं, पण नंतर ते कुणीही घेऊ शकतो.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. नाव तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यात घ्या. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, गडहिंग्लजकडचे. बोम्मसंद्र्यात त्यांचं सीएनसी जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. डोमेन त्या मुलानेच घेतलं, स्वतःच्या खात्यातून. तीन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, फोन नंबर बदलला. मुदत संपली, नाव गेलं. व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर, टेम्पोवर, सगळीकडे ते नाव छापलेलं. गिऱ्हाइकांचे ईमेलही त्याच नावावर यायचे, तेही बंद. त्या मुलाने काही फसवलं नव्हतं. पण साइट याची आणि खाता त्याच्या नावावर, असं झालं होतं. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घ्या, काही हरकत नाही. डोमेन मात्र स्वतः घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आता कुणीतरी विचारेल, पत्ता मराठीत मिळतो का? मिळतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये डॉट भारत हे देवनागरीतलं नाव सुरू झालं, त्यात मराठीही आहे आणि कोकणीही. हौस असेल तर जरूर घ्या. पण आतल्या यंत्रणेला अजूनही रोमन अक्षरंच लागतात, त्यामुळे मराठी पत्त्याचं आत एक विचित्र रोमन रूप तयार होतं. काही ॲपमध्ये लिंक पाठवली की तेच विचित्र रूप दिसतं आणि समोरच्याला वाटतं हा काही फसवणुकीचा प्रकार आहे. म्हणून माझा सल्ला, मुख्य पत्ता रोमनमध्ये घ्या, छोटा घ्या, फोनवर सांगता येईल असा घ्या. मजकूर मराठीत असू द्या. तिथे कुठलीच अडचण नाही.

दुसरी गोष्ट, सामान. म्हणजे पानं.

१९८९ साली स्वित्झर्लंडच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिली वेबसाइट लोकांसमोर आली. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं, कुणालाही स्वामित्वधन न देता वापरता येईल असं. म्हणून तर आज आपण इथे आहोत. आणि गंमत बघा, त्या पहिल्या वेबसाइटची पानं आजच्या मोबाइलवरसुद्धा उघडतात. तीस-पस्तीस वर्षांत इतके सॉफ्टवेअर आले आणि गेले, पण साधं एचटीएमएलचं पान वाचता येतंच. मला टिकणारी गोष्ट हवी होती, म्हणून मी साधंच पान निवडलं.

आता स्क्रीनकडे बघा. ही नोटपॅडची खिडकी आहे. नोटपॅड प्रत्येक विंडोज संगणकात असतं. यात मी फार तर दहा ओळी लिहिल्या आहेत. टोकदार कंसात जे शब्द दिसतात त्यांना टॅग म्हणतात. टॅग म्हणजे सूचना. 'इथून शीर्षक सुरू, इथे संपलं', 'इथून परिच्छेद सुरू, इथे संपला'. संपवताना तिरकी रेघ देतात. झालं. मोठ्या शीर्षकाला एच-एक, परिच्छेदाला पी, दुव्याला ए, फोटोला आयएमजी. एवढ्या चार टॅगवर वडिलांची सगळी साइट उभी आहे.

मराठीसाठी तीन ओळी विसरू नका.

पहिली, वर जिथे एचटीएमएल सुरू होतं, तिथे भाषा 'एमआर' लिहा. एमआर म्हणजे मराठी. ही लिहिली की पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला भाषा कळते. अंध व्यक्तींना तिचा उपयोग होतो. आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.

दुसरी, कॅरेक्टर सेट 'यूटीएफ-८'. ही नसेल तर कुठल्यातरी संगणकावर तुमच्या मराठीचा काला होईल.

तिसरी, व्ह्यूपोर्टची ओळ. ती नसेल तर मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. आणि आपले निम्म्याहून जास्त वाचक मोबाइलवरच असणार.

जतन करताना 'सेव्ह ॲज' घ्या, खाली प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ बघा, आणि नाव द्या इंडेक्स डॉट एचटीएमएल, सगळी अक्षरं लहान लिपीत. 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर नोटपॅड गुपचूप शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि मग पान का उघडत नाही म्हणून तुम्ही तासभर डोकं खाजवाल. मी खाजवलंय. आता त्या फाइलवर दोनदा क्लिक करा. ब्राउझरमध्ये पान उघडलं. अजून इंटरनेटवर नाही, फक्त तुमच्या संगणकावर आहे. पण वेबसाइट तयार झाली.

इथे जुन्या मजकुराबद्दल एक सांगतो. तुमच्याकडे २००० सालाच्या आसपास डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर असेल, तर तो बहुधा युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. वडिलांचे दिवाळी अंकातले सात-आठ लेख असेच होते. घाबरू नका, ते खराब झालेले नाहीत. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. फक्त बदलल्यावर एकदा नीट वाचून काढा. रफार आणि 'ऱ्या' हमखास चुकतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं.

तिसरी गोष्ट, जागा. होस्टिंग.

होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कुणाच्या तरी संगणकावर आपलं फोल्डर ठेवणं. मागे एकाने विचारलं होतं, माझ्याच घरचा जुना लॅपटॉप चालू ठेवला तर? शिकायला चांगलं आहे. पण आमच्याकडे पावसाच्या आधी वारा सुटला की वीज जाते. शिवाय घरगुती इंटरनेटवर आपला पत्ता बदलत राहतो, बऱ्याच कंपन्या तर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. बाहेरून तुमच्या घरापर्यंत कुणी पोचणार कसं? तेव्हा ते राहू द्या.

दोन मार्ग आहेत. तुम्हाला रोज लिहायचं आहे, टॅग नकोत, बटणं हवीत, तर वर्डप्रेस. २००३ पासून आहे, जगातल्या निम्म्याला थोड्या कमी वेबसाइट त्यावर चालतात. त्यासाठी विकतचं होस्टिंग घ्यावं लागतं, आणि ते वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर कुणीतरी घुसतं आणि तुमच्या पानावर जुगाराच्या जाहिराती लागतात. बाग लावल्यासारखं आहे ते. पाणी घालणार असाल तरच लावा.

दुसरा मार्ग साध्या पानांचा. त्यासाठी मोफत जागा मिळते. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय. मी गिटहबवर ठेवलं आहे, म्हणून त्याच्या पायऱ्या सांगतो.

गिटहबवर खातं उघडा. नवीन रिपॉझिटरी करा. रिपॉझिटरी म्हणजे फोल्डरच. तिचं नाव ठेवायचं तुमचं युजरनेम, डॉट गिटहब डॉट आयओ. हुबेहूब असंच. 'पब्लिक' निवडा. मग 'अपलोड फाइल्स'वर जाऊन आपली इंडेक्स फाइल टाका, खाली 'कमिट' म्हणून बटण आहे ते दाबा. पाच-दहा मिनिटं थांबा, चहा करा. आता ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. तुमचं पान जगात कुठूनही दिसेल. एक रुपया न खर्च करता.

मग आपलं विकत घेतलेलं नाव त्याला जोडायचं. गिटहबच्या सेटिंगमध्ये 'पेजेस', त्यात 'कस्टम डोमेन'मध्ये आपलं नाव लिहा. तिकडे रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएस नावाचा भाग असतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटचं पोस्ट ऑफिस समजा. या नावाची पत्रं कुठल्या घरी टाकायची, ते तिथे लिहिलेलं असतं. गिटहबच्या मदतीच्या पानावर आकड्यांचे चार पत्ते दिलेले आहेत, ते 'ए रेकॉर्ड' म्हणून भरा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी 'सीनेम' भरा. जगभर ही नोंद पोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात दहा वेळा बदलाबदली करू नका. मग 'एन्फोर्स एचटीटीपीएस'वर खूण करा. म्हणजे पत्त्याच्या आधी 'नॉट सिक्युअर' दिसणार नाही. यासाठीचं प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागायचं. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेमुळे गेली दहा वर्षं ते मोफत मिळतं.

आता तुमच्यातला चौकस माणूस म्हणेल, "अहो, आत्ताच म्हणालात मोफत सेवा बंद पडतात, आणि आता स्वतःच मोफत सेवा सांगताय?"

बरोबर आहे. हाच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

गिटहबही उद्या बंद होऊ शकतं, नियम बदलू शकतं. पण फरक काय आहे बघा. वडिलांच्या त्या जुन्या पानाचा पत्ता सेवेचा होता, जागा सेवेची होती, आणि मजकूरही फक्त तिथेच होता. तिन्ही गोष्टी एकाच्या हातात. आता पत्ता माझ्या नावावर आहे. मजकुराचं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर आहे. फक्त जागा दुसऱ्याची आहे. त्याने 'उठा' म्हटलं तर मी फोल्डर दुसरीकडे ठेवीन, डीएनएसमध्ये नोंद बदलीन, आणि वाचकाला कळणारही नाही की घर बदललं. मी एकदा मुद्दाम करून बघितलं. तासाभरात झालं. मोफत असण्यात धोका नाही, एकाच टोपलीत पत्ता, जागा आणि सामान तिन्ही ठेवण्यात आहे.

म्हणून प्रती ठेवा. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावात. आमची तिसरी प्रत निपाणीला बहिणीकडे असते. जागा किती लागते? देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. हजार शब्दांचा लेख म्हणजे साधारण वीस केबी. एकशे चाळीस लेख म्हणजे तीन एमबीसुद्धा नाही. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो याहून मोठा असतो! वडिलांचं आठ वर्षांचं लिखाण एका फोटोच्या जागेत मावलं असतं, आणि ते मी ठेवलं नाही. हा हिशेब केला त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आणखी एक करा. पान तयार झालं की वेबॅक मशीनवर जा, 'सेव्ह पेज नाऊ' असं आहे, तिथे आपला पत्ता टाका. अनुक्रमणिका टाकून थांबू नका, प्रत्येक लेखाचा पत्ता टाका. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

शेवटी, काय टाकू नये ते सांगतो. घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार, मुलांच्या शाळेचं नाव, हे नको. गिटहबची 'पब्लिक' रिपॉझिटरी सगळ्यांना दिसते, आणि फाइल काढून टाकली तरी तिचा जुना इतिहास तिथे राहतो. तेव्हा टाकण्याआधी विचार करा. दुसऱ्याच्या कविता, लेख परवानगीशिवाय टाकू नका. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. नुसतं खाली 'साभार' लिहून ते भागत नाही. आणि ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांना एकदा विचारा. वडिलांच्या लेखांत विडी कामगार बायकांची खरी नावं होती. आम्ही घरी जाऊन विचारलं. दोघींनी नको म्हटलं, नावं बदलली. एकीने मात्र ठणकावून सांगितलं, "माझं नाव घाल, आणि नीट घाल."

शेवटची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. विम्याला आपण नॉमिनी लावतो. साइटला कोण? एका कागदावर लिहा. डोमेन कुठून घेतलं, कुठल्या ईमेलवर, मुदत कधी संपते, फोल्डर कुठे आहे. तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून कपाटात ठेवा. आमच्याकडे तो भाचीकडे आहे. जिच्या प्रकल्पासाठी ते पान उघडलं नव्हतं, तीच.

गेल्या महिन्यात अण्णा बंगळूरला आले होते. ऑगस्ट २०२५ पासून आमच्या बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली आहे, पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. त्यांना मेट्रोत बसवलं. खिडकीतून होसूर रस्ता बघत होते, ट्रकच्या रांगा बघत होते, आणि मध्येच म्हणाले, "आंदोलनात रस्त्यावर अशाच गाड्या थांबल्या होत्या." मग बोलतच राहिले. मी मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आर. व्ही. रोड स्टेशन येईपर्यंत चाळीस मिनिटं भरली. तो जुना लेख काही परत आला नाही. पण ते बोलणं मी टाइप करतोय. निम्मं झालं आहे. झालं की साइटवर येईल, आणि या वेळी चार ठिकाणी असेल.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर येत्या रविवारी बसा. पहिल्या दिवशी डोमेनसुद्धा घेऊ नका. नोटपॅड उघडा, दहा ओळी लिहा, त्यांचं एक पान करा आणि त्यांना दाखवा. बाकी सगळं पुढच्या रविवारी होईल.